सूलीचा हिरा आणि उलटी वाट

दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादमध्ये अबू बक्र अस-सूली नावाचा एक माणूस होता. इतिहासकार, साहित्याचा जाणकार, अब्बासी खलिफांच्या दरबारात उठबस असलेला. पण त्याचं नाव टिकलं ते शतरंजमुळे. खलिफा अल-मुक्तफीच्या दरबारात त्याने अल-मावर्दी या नावाजलेल्या खेळाडूला हरवलं, आणि पुढे कित्येक पिढ्या कुणी चांगलं खेळताना दिसला की लोक म्हणत, हा तर सूलीसारखा खेळतो.

सूलीने शतरंजवर पुस्तक लिहिलं. त्या काळचे उस्ताद पटावर मोजकी मोहरी मांडून कोडी रचत. अशा कोड्याला अरबीत मन्सूबा म्हणत. आपण मराठीत 'त्याचे मनसुबे उधळले' म्हणतो, तो शब्द याच घरातला. सूलीच्या एका मन्सूब्यात फक्त चार मोहरी आहेत: दोन राजे आणि दोन वजीर. पांढऱ्याची चाल, पांढऱ्याने जिंकायचं. सूलीचा दावा होता की हे कोडं त्याने शिकवलेल्या माणसांखेरीज जगात कुणालाही सुटणार नाही. उत्तर मात्र त्याने आपल्यासाठी मागे ठेवलं नाही. या कोड्याला पुढे 'सूलीचा हिरा' असं नाव पडलं.

दोन वजीर असताना कठीण काय, असं आजच्या खेळाडूला वाटेल. पण तेव्हाचा वजीर आजच्यासारखा पटभर धावणारा नव्हता. त्याला फिर्झान म्हणत. तो तिरपा आणि एकच घर चालायचा. त्यामुळे काळ्या घरातला वजीर जन्मभर काळ्या घरांतच राहायचा. चौसष्टपैकी बत्तीस घरंच त्याच्या वाट्याची. जिंकायलाही मातच करावी लागे असं नाही. समोरच्याची सगळी मोहरी मारून त्याचा राजा एकटा पाडला तरी डाव जिंकला. म्हणजे सूलीच्या कोड्यात पांढऱ्याचं काम एवढंच, की आपला वजीर सांभाळून समोरचा वजीर पकडायचा. ऐकायला सोपं. पण दोन्ही बाजू मुंगीच्या पावलांनी चालतात, आणि एक पाऊल चुकलं की पकडलेलं निसटतं.

शतरंजचं नाव काढलं की आमच्याकडे कुणीतरी विचारतंच, हे जायज आहे का? फुकहांमध्ये यावर मतभेद आहेत. हनफी मत कडक आहे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई; त्या मताप्रमाणे जुगार नसेल आणि नमाज चुकत नसेल तर हा खेळ हराम नाही, मकरूह आहे, म्हणजे नापसंत. माझे आजोबा असर आणि मगरिबच्या मधल्या वेळात पडवीत पट मांडत आणि अजान झाली की डाव आहे तसा सोडून उठत. डाव अर्धा राहिला याचं त्यांना कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. खेळ मला त्यांच्याकडून मिळाला. गणित शाळेतून मिळालं, आणि पुढे तेच शिकवण्यात नोकरी गेली. सूलीच्या हिऱ्यात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, म्हणून तो मला सोडत नाही.

हजार वर्षं या हिऱ्याची उकल जगासमोर नव्हती. १९८०च्या दशकात सोव्हिएत ग्रँडमास्टर यूरी अव्हरबाख यांनी ती मांडली. अव्हरबाख म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्याचे पंडित. त्यावर त्यांनी कित्येक खंड लिहिले. २०२२ साली शंभर वर्षांचे होऊन ते गेले.

आज हेच कोडं संगणकाला घातलं तर? थोडा हिशेब करू. राजाला ६४ घरं, दुसऱ्या राजाला ६४. प्रत्येक वजिराला ३२. गुणाकार केला तर सुमारे ४२ लाख मांडण्या. चाल कुणाची हे धरलं की दुप्पट, म्हणजे सुमारे ८४ लाख. माझ्या एका हिंदू मित्राला हा आकडा सांगितला तेव्हा तो हसून म्हणाला, "म्हणजे चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा!" आपल्याला हा फेरा जन्मोजन्मी पुरेल, पण घरातल्या साध्या लॅपटॉपला ८४ लाख म्हणजे काहीच नाही. प्रश्न आहे तो या ८४ लाखांतून वाट कशी काढायची याचा.

आपण कोडं सोडवतो ते पुढे पाहत. मी इथे गेलो तर तो तिथे जाईल, मग मी पुन्हा इथे. पाच-सहा चालींनंतर डोकं गरगरतं. संगणक अशा ठिकाणी दुसरी युक्ती वापरतो: तो शेवटापासून मागे येतो. वर्तमानपत्राच्या बालपुरवणीत उंदराला खाऊपर्यंत पोचवायचा भूलभुलैया असतो, तो आठवा. हुशार पोरं पेन्सिल खाऊवर टेकवतात आणि उलट उंदराकडे येतात. फसव्या गल्ल्या आपोआप टळतात. संगणकाचं तसंच.

आजच्या बुद्धिबळाच्या नियमांनी सांगतो. समजा पटावर मोजकीच मोहरी आहेत. संगणक आधी त्यांच्या सगळ्या शक्य मांडण्यांची यादी करतो. त्यातल्या ज्या मांडण्यांत काळ्यावर मात झालेलीच आहे, त्यांवर तो खूण करतो: इथे खेळ संपला. मग एक पाऊल मागे: कुठल्या मांडणीतून पांढरा एका चालीत तिथे पोचतो? त्यांवर खूण, 'एका चालीत मात'. आणखी मागे: अशा कुठल्या मांडण्या आहेत, जिथे काळ्याने काहीही केलं तरी तो आधीच खूण केलेल्या जागीच जाऊन पडतो? इथे 'काहीही केलं तरी' महत्त्वाचं. एक जरी पळवाट असेल तर खूण नाही. असं मागे मागे येत राहायचं. ज्या फेरीत एकही नवी खूण होत नाही, तिथे थांबायचं. काळा जिंकतो त्या मांडण्यांसाठीही हेच. शेवटी ज्यांवर कुठलीच खूण नाही, त्या बरोबरीच्या.

हातात राहते ती एक कोष्टकवही. इंग्रजीत तिला टेबलबेस म्हणतात. त्यात अंदाज नाही, मत नाही. कुठलीही मांडणी उघडा: जिंकली, हरली की बरोबरी, आणि किती चालींत, हे लिहिलेलं असतं. त्या वहीपुढे जगज्जेत्याचंही काही चालत नाही.

ही कल्पना अमेरिकन गणिती रिचर्ड बेलमन यांनी १९६५ साली मांडली, आणि १९७० साली जर्मनीतल्या थॉमस श्ट्रोलाइन यांनी आपल्या प्रबंधात काही छोट्या मांडण्यांसाठी ती करूनही दाखवली. मग आले केन थॉम्प्सन. युनिक्स ही संगणकप्रणाली घडवणाऱ्यांपैकी ते एक. त्यांनी पाच मोहऱ्यांपर्यंत मजल मारली. तेव्हा पुस्तकांना धक्के बसू लागले. दोन उंट विरुद्ध एक घोडा हा सामना क्लिंग आणि हॉर्विट्झ यांनी १८५१ साली दाखवलेल्या बचावामुळे बरोबरीचा मानला जाई. थॉम्प्सनच्या संगणकाने सांगितलं, उंटवाला साधारणपणे जिंकतो, पण घोडा मिळवायला ६६ चालीही लागू शकतात. सव्वाशेहून अधिक वर्षं सगळ्यांनी खरी मानलेली गोष्ट खरी नव्हती.

मोहरं वाढलं की वही किती फुगते, तेही पाहा. रोनाल्ड डी मान यांनी बनवलेली सिझिजी ही आजची प्रचलित पद्धत. त्यात पाच मोहऱ्यांपर्यंतची वही सुमारे १ जीबीची, सहांची १५० जीबीची आणि २०१८ साली पूर्ण झालेली सातांची सुमारे १८,४०० जीबीची. एकेका मोहऱ्यामागे शंभरपटीहून जास्त. सात मोहऱ्यांच्या मांडण्या सुमारे ४२४ लाख कोटी भरतात. त्यांत एक अशी आहे की दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर मात व्हायला ५४९ चाली लागतात. ते डाव पाहिले तर पहिल्या चारेकशे चालींत काय चाललंय, हे कुणाही माणसाला उमगत नाही. मोहरी नुसती इकडून तिकडे फिरतात, आणि शेवटी कधीतरी काळ्याच्या गळ्याभोवती फास दिसू लागतो.

पटावर सातहून जास्त मोहरी असतील तर पूर्ण वही नाही. तिथे स्टॉकफिशसारखं इंजिन आपल्यासारखंच पुढे पाहतं, फक्त सेकंदाला लाखो मांडण्या. निरर्थक फांद्या छाटतं, एकदा पाहिलेली मांडणी लक्षात ठेवतं, आणि २०२० पासून मांडणीचा अदमास घ्यायला छोटं न्यूरल नेटवर्कही वापरतं. मोहरी मारली जाऊन सातांवर आली की वही उघडतं.

या लक्षात ठेवण्याचं मोल दाखवणारी एक प्रसिद्ध मांडणी आहे. रूबेन फाइन यांच्या १९४१च्या पुस्तकात ती सत्तराव्या क्रमांकावर आहे. फक्त राजे आणि प्यादी. प्यादी एकमेकांना अडवून उभी. पांढरा राजा कोपऱ्यात, ए१ वर. साधा खेळाडू त्याला थेट मैदानाकडे, बी२ वर नेईल, आणि जिंकलेला डाव बरोबरीत जाईल. जिंकणारी चाल एकच: बी१, म्हणजे मागच्याच रांगेतून आडवं सरकणं. कारण दूरवरच्या दोन राजांमध्ये जोडीच्या घरांचा हिशेब चाललेला असतो. हा इथे तर तो तिथेच हवा. चालींच्या फांद्या मोजल्या तर अफाट. पण प्यादी हलत नाहीत तोवर दोन राजांच्या मांडण्या जेमतेम काही हजार. तीच मांडणी वेगवेगळ्या वाटांनी परत परत येते. ज्या इंजिनाला ती आठवते त्याला उत्तर झटकन मिळतं; ज्याला आठवत नाही ते फांद्यांमध्ये हरवतं.

इंजिनाची एक अडचण मला फार आवडते. वेळ वाचवायला ते स्वतःला एक प्रश्न विचारतं: मी ही चाल सोडूनच दिली, तरी माझं बरं चाललंय का? चाललं असेल तर इथे जास्त खोल बघायला नको. डावाच्या मध्यात हे ठीक. पण शेवटच्या टप्प्यात अशा वेळा येतात की चाल करावी लागणं हीच शिक्षा असते. जागेवर थांबता आलं असतं तर वाचलो असतो, पण नियम थांबू देत नाही. बुद्धिबळात याला त्सुगत्स्वांग म्हणतात. आपल्या भाषेत इकडे आड तिकडे विहीर. 'चाल सोडली तर' हे गृहीतकच तिथे खोटं ठरतं. म्हणून फक्त राजे आणि प्यादी उरली की इंजिनं हा प्रश्न विचारणंच बंद करतात. माणसाने यंत्राला शिकवलेली ही समज आहे.

गावच्या वाचनालयात मी रविवारी दहा-बारा मुलांना बुद्धिबळ शिकवतो. त्यातली सातवीतली एक मुलगी गेल्या वर्षी एका स्पर्धेत शेवटच्या फेरीत वजीर विरुद्ध हत्ती अशा मांडणीत आली. वजीर तिच्याकडे. सगळ्यांना माहीत, ही मांडणी जिंकलेली. पण मोहरं न मारता आणि प्यादं न हलवता पन्नास चाली झाल्या की डाव बरोबरीत सोडवता येतो, आणि समोरच्या मुलाने तेच केलं. ती एसटीत परतताना एक शब्द बोलली नाही. तिचे अब्बा रिक्षा चालवतात. दोन दिवसांनी ते मला भेटले. "सर, मोबाइलमध्ये सगळी उत्तरं आहेत म्हणतात. मग हिने त्यात एवढा वेळ कशाला घालवायचा? पुढच्या वर्षी आठवी आहे तिची." ते रागावले नव्हते. प्रश्न खरा होता. स्पर्धेची फी, दोघांचं भाडं, एक दिवसाचा धंदा, हे सगळं त्या पन्नास चालींत गेलं होतं.

पुढच्या रविवारी मी तिला वॉल्टर ब्राऊनची गोष्ट सांगितली. ब्राऊन म्हणजे अमेरिकेची अजिंक्यपदं जिंकलेला ग्रँडमास्टर. १९७७च्या सुमारास थॉम्प्सनने त्याच्याशी पैज लावली. मांडणी हीच: वजीर ब्राऊनकडे, हत्ती संगणकाकडे, आणि संगणकाच्या हाताशी ती कोष्टकवही. अचूक खेळलं तर जास्तीत जास्त ३१ चालींत हत्ती पडतो. हत्तीने राजाला चिकटून राहावं, असं पुस्तकं सांगत. संगणक तसं करेना. तो हत्ती लांब नेई, विचित्र वाटणाऱ्या जागी ठेवी. ब्राऊनला पन्नास चालींत जमलं नाही. तो पैज हरला. मग घरी बसून त्याने अभ्यास केला, काही आठवड्यांनी पुन्हा खेळला, आणि बरोबर पन्नासाव्या चालीला हत्ती मिळवला.

"म्हणजे त्यालापण नाही आलं?" तिने विचारलं. पहिल्यांदा नाही आलं, मी म्हटलं.

मग आम्ही मोबाइलच उघडला. लिचेस या संकेतस्थळावर सात मोहऱ्यांपर्यंतची वही कुणालाही फुकट पाहता येते. पण तिला मी एक अट घातली. वहीतली चाल बघायची, आणि ती का, हे आपल्या शब्दांत लिहायचं. लिहिता आलं नाही तर पुढे जायचं नाही. पहिले दोन रविवार कागद कोराच राहिला. वही 'एकवीस चालींत' म्हणते, 'वीस चालींत' म्हणते, पण का, ते म्हणत नाही.

तिसऱ्या रविवारी आम्ही फिलिदोरच्या जुन्या मांडणीवर आलो. काळा राजा बी८, हत्ती त्याच्यापुढे बी७. पांढरा राजा सी६, वजीर ए५. गंमत अशी की इथे चाल काळ्याची असेल तर तो लगेच मरतो; हत्ती राजापासून हलला की वजीर दुहेरी मारा करून त्याला उचलतो. पण चाल पांढऱ्याची आहे. तिने वहीत पाहिलं: वजीर ई५, शह. मग ए१, शह. मग परत ए५. वजीर तीन चालींत त्रिकोण फिरून होता तिथेच आला. ती बराच वेळ पटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर, काहीच बदललं नाही. फक्त चाल त्याच्यावर गेली." आणि वहीत लिहिलं: 'जागा तीच ठेवायची, पाळी त्याला द्यायची.'

त्सुगत्स्वांग हा शब्द मी तिला नंतर सांगितला. तो तिला हवाच होता असं नाही.

त्या ओळीत जे आहे ते १८,४०० जीबीच्या वहीत कुठेच नाही. तिथे ही मांडणी आहे, तिच्या आजूबाजूच्या हजारो मांडण्या आहेत, प्रत्येकीचं उत्तर बिनचूक आहे. 'पाळी त्याला द्यायची' हे वाक्य नाही. हे वाक्य हाताशी असलं की माणूस वहीत न पाहिलेल्या मांडणीतही वाट शोधतो, प्याद्यांच्या डावातही आणि घोड्यांच्या डावातही. जॉन नन या इंग्लिश ग्रँडमास्टरने, जे स्वतः गणितातले डॉक्टरेट आहेत, १९९०च्या दशकात हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं. संगणकाच्या वह्या समोर ठेवून हत्तींच्या आणि बिनप्याद्यांच्या शेवटांवर त्यांनी पुस्तकं लिहिली, त्या कोट्यवधी उत्तरांतून माणसाला लक्षात राहतील अशी कारणं वेचून काढली. उत्तर आयतं मिळालेलं असूनही त्यांना इतके कष्ट पडले, हे मी मुलांना मुद्दाम सांगतो. आपल्याकडे दहावीच्या गाइडमध्ये छापलेलं उत्तर पाठ केलं की अभ्यास झाला असं मानतात, आणि परीक्षेत आकडे बदलले की पोरं कोरा पेपर देतात. मी तीस वर्षं ते पेपर तपासले आहेत.

तिच्या अब्बांना मी एवढंच म्हटलं, की मोबाइलमध्ये उत्तरं आहेत हे खरं, पण ती हे उत्तरासाठी करत नाही. त्यांनी तिची वही चाळली. काय समजलं असेल माहीत नाही, पण अक्षर बघून म्हणाले, "एवढं नीट ती शाळेच्या वहीतपण लिहीत नाही." या वर्षीची फी त्यांनी भरली आहे. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

सूलीचा तो दावा मी पूर्वी गर्वाचा समजत असे. आता वाटतं, त्यात एक साधी वस्तुस्थितीही आहे. त्या काळी विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे, तोंडून कानात जायची. सूली चाल का ते सांगायचा, ज्याला सांगितलं त्याला कळायचं. पण ती साखळी कुठेतरी तुटली, आणि हिऱ्याचं मर्म हजार वर्षं कुणाच्या हाती लागलं नाही. सूली ९४६च्या सुमारास बसऱ्यात वारला. ज्या अल-ख्वारिझ्मीच्या नावावरून आपण आज 'अल्गोरिदम' म्हणतो, तो त्याच बगदादमध्ये सूलीच्या शंभरेक वर्षं आधी काम करून गेला होता. आता अल्गोरिदमने वही भरून दिली आहे, ती हरवणार नाही आणि कुणापासून लपवलेलीही नाही. मधली ती 'का'ची ओळ मात्र अजूनही एका माणसाने दुसऱ्याला सांगावी लागते, आणि त्याने ती स्वतःच्या अक्षरात उतरवून घ्यावी लागते.